गॉटलोब फ्रेगे : अर्थाचा शोध घेणारा गणिती

थोर शास्त्रज्ञांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे बहुधा यशाचीच कथा वाचावयास मिळते. कोणी नवा तारा शोधून काढितो, कोणी रोगावर औषध काढितो, आणि ग्रंथाच्या अखेरीस त्याच्या गळ्यांत कीर्तीची माळ पडते. आज आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याची कथा ह्याहून निराळी आहे. सुमारें चोवीस वर्षें खपून त्यानें एक इमारत उभी केली. ती पुरी होण्याच्या सुमारास एका तरुण विद्वानाच्या पत्रानें तिचा पाया खचल्याचें त्यास कळलें. आणि ही गोष्ट न लपवितां त्यानें स्वतःच्याच ग्रंथांत छापून जगास कळविली. तथापि त्या पडलेल्या इमारतीच्या दगडांवरच पुढें आधुनिक तर्कशास्त्र आणि भाषेचें तत्त्वज्ञान हीं दोन शास्त्रें उभीं राहिलीं. ह्या पुरुषाचें नांव गॉटलोब फ्रेगे.

फ्रेगे ह्यांचा जन्म ता. ८ नोव्हेंबर १८४८ रोजीं जर्मनींतील बाल्टिक समुद्राच्या कांठीं वसलेल्या विस्मार ह्या बंदरांत झाला. त्यांचे वडील मुलींच्या एका खासगी शाळेचे संस्थापक व मुख्याध्यापक होते. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांकरितां त्यांनीं जर्मन भाषेचें एक पाठ्यपुस्तक लिहिलें होतें. शब्दांपासून वाक्य कसें जुळतें ह्याचाच विचार करण्यांत ज्याचें आयुष्य जावयाचें, तो मुलगा अशा घरांत जन्मास आला, हा योग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १८६६ सालीं वडील वारले. त्या वेळीं गॉटलोब अठरा वर्षांचे होते. आई धीराची होती. तिनें शाळेचा कारभार आपल्या अंगावर घेतला. विस्मारच्या शाळेंतील लिओ झाक्से नांवाचे एक शिक्षक येना विश्वविद्यालयाचे जुने विद्यार्थी होते. त्यांच्या उत्तेजनानें फ्रेगे १८६९ सालीं येनास शिकावयास गेले. योग्य वेळीं योग्य वाट दाखविणारा शिक्षक भेटला म्हणजे केवढें कार्य होतें, ह्याचें हें एक उदाहरण होय.

येना येथें त्यांस एर्न्स्ट आबे हे गुरु लाभले. आबे हे गणित व पदार्थविज्ञान ह्यांत निष्णात असून त्साइस ह्यांच्या सुप्रसिद्ध सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्याचे ते आधारस्तंभ होते. शिष्याची योग्यता त्यांनीं ओळखली आणि पुढें अनेक वर्षें त्याची पाठराखण केली. फ्रेगे ह्यांनीं ग्योटिंगेन येथें १८७३ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली व १८७४ सालीं ते येनास परत येऊन गणित शिकवूं लागले. पहिल्या पांच वर्षांची जागा बिनपगारी होती. त्यांची पुढील सारी नोकरी ह्याच विश्वविद्यालयांत झाली. परंतु पूर्ण अधिकाराचें प्राध्यापकपद त्यांस अखेरपर्यंत मिळालें नाहीं.

ह्या शांत दिसणाऱ्या गृहस्थाच्या मनांत एक प्रश्न घर करून बसला होता. सात आणि पांच मिळून बारा होतात, हें आपण सर्वच जाणतों. पण तें खरें कशामुळें? कोणी म्हणत, खडे मोजून मोजून अनुभवानें आपणांस तें कळलें आहे. कोणी म्हणत, काल व अवकाश ह्यांचें जें ज्ञान मनास उपजत असतें, त्यावर तें आधारलेलें आहे. आणखी कोणी म्हणत, संख्या ही मनांत उमटणारी एक कल्पना आहे आणि गणिताचे नियम हे मनाच्या व्यापारांचे नियम आहेत. फ्रेगे ह्यांस ह्यांपैकीं एकही उत्तर पटलें नाहीं. संख्या ही जर ज्याच्या त्याच्या मनांतील कल्पना असेल, तर माझे दोन निराळे व तुमचे दोन निराळे असें मानावें लागेल, आणि मग दोघांत गणिताचा वाद होणेंच अशक्य! अंकगणिताचीं सत्यें निव्वळ तर्काच्या नियमांपासून निघतात, त्यांस दुसरा कसलाही टेंकू लागत नाहीं, असें त्यांचें मत झालें, आणि तें सिद्ध करण्याचा त्यांनीं विडा उचलला.

काम हातीं घेतांच पहिली अडचण आली ती भाषेची. आपली नित्याची भाषा व्यवहारास उत्तम असली तरी काटेकोर सिद्धतेच्या कामीं ती दगा देते. प्रत्येक विद्यार्थ्यास एक शिक्षक आवडतो, हें साधें वाक्य घ्या. सर्व विद्यार्थ्यांस आवडणारा असा कोणी एकच शिक्षक शाळेंत आहे, असा ह्याचा अर्थ होतो. किंवा ज्याचा त्याचा आवडता शिक्षक वेगळा असेल, असाही होतो. दोहोंमध्यें केवढें अंतर आहे! पण वाक्य मात्र एकच. दोन हजार वर्षें चालत आलेल्या ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रापाशीं हा भेद स्पष्टपणें मांडण्याचें साधन नव्हतें. फ्रेगे ह्यांनीं तें निर्माण केलें. १८७९ सालीं त्यांनीं आपली नवी चिन्हलिपि एका लहानशा पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध केली. उद्देश्य आणि विधेय ही व्याकरणांतली जुनी जोडी त्यांनीं बाजूस सारिली, आणि गणितांत ज्याप्रमाणें रिकाम्या जागीं निरनिराळे अंक घालून मूल्य काढितात, त्याप्रमाणें वाक्याचे भाग पाडून दाखविले. सर्व आणि कांहीं ह्या दोन शब्दांचा व्याप वाक्यांत कोठून कोठवर पोंचतो, हें त्या लिपींत डोळ्यांस दिसूं लागलें.

ह्या पुस्तकाचें स्वागत कसें झालें, तें सांगतांना वाईट वाटतें. लिपि आडवी न धांवतां उभी-आडवी पसरणारी होती. वाचणारांस ती क्लिष्ट वाटली. श्र्यॉडर ह्या नामांकित तर्कशास्त्रज्ञानें १८८० सालीं परीक्षण करितांना जपानी लोकांच्या उभ्या लेखनाशीं तिची तुलना करून थट्टा केली. नवें काय आहे, तें बहुतेकांच्या लक्षांतच आलें नाहीं.

फ्रेगे खचले नाहींत. लोकांस चिन्हें कळत नाहींत तर साध्या भाषेंत सांगूं, असा विचार करून त्यांनीं १८८४ सालीं अंकगणिताच्या मूलतत्त्वांवर एक सुबोध ग्रंथ लिहिला. त्यांतील एक विचार आम्हीं येथें आपल्या उदाहरणानें सांगतों. उंबरठ्यापाशीं पायताणें पडलीं आहेत. तीं किती, असें विचारल्यास उत्तर काय द्यावें? जोड म्हणाल तर एक, नग म्हणाल तर दोन. वस्तु तीच असून संख्या बदलली. ह्यावरून संख्या ही रंगाप्रमाणें वस्तूस चिकटलेली नसून आपण ज्या संकल्पनेखालीं वस्तु मोजतों, त्या संकल्पनेविषयीं ती कांहीं सांगते. तसेंच वर्गांतील प्रत्येक बांकावर एकेकच मुलगा बसला असून एकही बांक रिकामें नसेल व एकही मुलगा उभा नसेल, तर न मोजतांही मुलें व बांकें सारखींच आहेत हें कळतें. ह्या जुळणीच्या आधारें त्यांनीं संख्येची व्याख्या केली : अशा रीतीनें एकमेकांशीं जुळणाऱ्या सर्वांचा जो समूह, तीच त्यांची संख्या. ह्याच ग्रंथांत त्यांनीं एक दंडक घालून दिला तो असा कीं, शब्द एकटा घेऊन त्याचा अर्थ विचारूं नये, वाक्यांत तो काय काम करितो, तें पाहून मग विचारावा. परंतु ह्या ग्रंथाकडेही फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. कांटोरसारख्या थोर गणितीनेंही प्रतिकूल परीक्षण लिहिलें.

आतां आम्ही त्यांच्या ज्या निबंधाकडे वळतों, तो १८९२ सालीं प्रसिद्ध झाला. लांबीनें लहान, पण अर्थ म्हणजे काय ह्या प्रश्नाचा विचार करणारा कोणीही आजतागायत तो टाळून पुढें जाऊं शकलेला नाहीं. प्रश्न साधाच दिसतो. पहाटे पूर्वेस दिसणारा तेजस्वी तारा आणि सायंकाळीं पश्चिमेस दिसणारा तेजस्वी तारा हे दोन्ही एकच, म्हणजे शुक्र होय. आपल्याकडे दोहोंसही शुक्राची चांदणी म्हणण्याचा प्रघात आहे. प्राचीन ग्रीक लोकांनीं मात्र त्यांस दोन नांवें दिलीं होतीं. पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचाच तारा, असें कोणी म्हटलें तर आपण हंसूं. त्यांत नवें काय? पण पहाटेचा तारा म्हणजेच सायंकाळचा तारा, हें वाक्य ज्योतिषशास्त्राचा एक शोध आहे. दोन्ही वाक्यांत बोलणें एकाच ग्रहाविषयीं चाललें आहे. मग एक पोकळ व दुसरें ज्ञान देणारें, हें कसें?

फ्रेगे ह्यांचें उत्तर असें. नांवाच्या ठायीं दोन गोष्टी असतात. एक, तें नांव ज्या वस्तूकडे बोट दाखवितें ती वस्तु. आणि दुसरी, ती वस्तु आपणांस ज्या रूपानें, ज्या वाटेनें भेटते तो आशय. डोंगरावरचें देऊळ एकच असतें, परंतु पूर्वेची वाट निराळी व पश्चिमेची निराळी. दोन्ही वाटा एकाच देवळास पोंचतात, हें कळणें हेंच ज्ञान.

आशय ही ज्याच्या त्याच्या मनांतली कल्पना नव्हे, हें समजाविण्यासाठीं त्यांनीं दुर्बिणीचा दृष्टांत दिला. भिंगांच्या कामासाठीं गाजलेल्या येना शहराच्या रहिवाशास तो शोभतोही. आपण दुर्बिणींतून चंद्र पाहतों. आकाशांतील चंद्र ही झाली वस्तु. दुर्बिणीच्या भिंगांत पडलेलें प्रतिबिंब एका बाजूचेंच असतें, परंतु जो जो डोळा लावील त्या त्या सर्वांस तें सारखेंच उपलब्ध असतें. तो झाला आशय. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत उमटलेलें चित्र मात्र ज्याचें त्याचें. ती झाली मनांतली कल्पना. ह्यांखेरीज शब्दास एक छटाही असते, हेंही त्यांनीं दाखविलें. श्वान म्हणा, कुत्रा म्हणा कीं कुत्रडें म्हणा. आदर किंवा तिरस्कार तेवढा बदलतो, सांगितलेली गोष्ट खरी कीं खोटी हें त्यानें बदलत नाहीं.

ह्या भेदाची खरी कसोटी लागते ती माणसाच्या समजुतींचें वर्णन करितांना. समजा, एका शेतकऱ्यास कोणीं सांगितलें आहे कीं पहाटेचा तारा हा ग्रह आहे, आणि तें त्यास पटलें आहे. सायंकाळचा तारा मात्र तो अगदीं वेगळा समजतो. तर पहाटेचा तारा हा ग्रह आहे असें तो मानतो, हें वाक्य खरें. परंतु त्यांत पहाटेच्या जागीं सायंकाळचा हा शब्द घालतांच वाक्य खोटें होतें. एकाच वस्तूचें एक नांव काढून दुसरें घातलें तर खऱ्याचें खोटें होतां कामा नये. मग येथें तें कां झालें? फ्रेगे म्हणतात कीं, अमुक असें तो मानतो, समजतो किंवा म्हणतो, अशा बोलण्यांत नांव वस्तूकडे बोट दाखवीतच नाहीं. तें त्या आशयाकडे बोट दाखवितें. म्हणून दुसऱ्याची समजूत सांगावयाची तर वस्तु सांगून भागत नाहीं. ती त्यास कोणत्या रूपानें भेटली आहे, तें सांगावें लागतें. दोन माणसें एकाच गोष्टीविषयीं बोलत असून एकमेकांशीं भांडतात, असें आपण नित्य पाहतों. त्या भांडणांपैकीं पुष्कळ ह्या एका भेदाच्या अज्ञानांतून उपजतात, असें आम्हांस वाटतें.

इकडे मुख्य काम चालूंच होतें. अंकगणिताचे नियम तर्कापासून काढून दाखविणाऱ्या महाग्रंथाचा पहिला भाग १८९३ सालीं निघाला. त्यास इतके थोडे वाचक मिळाले कीं दुसरा भाग फ्रेगे ह्यांस पदरच्या खर्चानें छापावा लागला. तो छापखान्यांत असतांनाच तें प्रसिद्ध पत्र आलें. ता. १६ जून १९०२ रोजीं बर्ट्रंड रसेल ह्या तीस वर्षांच्या इंग्रज विद्वानानें, ग्रंथाविषयीं मनापासून आदर व्यक्त करून, एकाच ठिकाणीं आपणांस अडचण आल्याचें कळविलें. अडचण ती अशी. कोणताही गुण घेतला तर तो ज्यांत आहे अशा सर्वांचा एक समूह असतो, हें फ्रेगे ह्यांच्या नियमांवरून निघत होतें. मग स्वतःचा घटक नसलेल्या सर्व समूहांचा समूह घेतल्यास तो स्वतःचा घटक आहे कीं नाहीं?

हें कोडें ग्रंथालयाच्या उदाहरणानें उलगडेल. ग्रंथांच्या याद्यांचींही पुस्तकें असतात. कांहीं याद्यांत स्वतःचेंही नांव असतें, कांहींत नसतें. आतां ज्यांत स्वतःचें नांव नाहीं अशा सर्व याद्यांची, आणि तेवढ्यांचीच, एक यादी करावयाची. ह्या यादींत तिचें स्वतःचें नांव घालावें कीं नाहीं? घातलें तर ती तेथें बसण्यास अपात्र ठरते. न घातलें तर पात्र ठरते. ग्रंथपाल म्हणेल, अशी यादी होतच नाहीं, आणि स्वस्थ बसेल. फ्रेगे ह्यांस ती सोय नव्हती. कारण असा समूह असतोच, हें त्यांच्या पायाच्या नियमानेंच ठरविलें होतें. विसंगति वरच्या मजल्यावर नसून पायांतच होती.

अवघ्या सहा दिवसांनीं, ता. २२ जून रोजीं, फ्रेगे ह्यांनीं उत्तर लिहिलें. त्यांत राग नाहीं, सारवासारव नाहीं. आपणांस मोठा धक्का बसल्याचें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें, पण त्याबरोबरच हा शोध तर्कशास्त्रास पुढें नेणारा ठरेल असेंही लिहिलें. १९०३ सालीं दुसरा भाग प्रसिद्ध झाला, त्याच्या शेवटीं एक परिशिष्ट जोडलें होतें. आणि इमारत पुरी होतां होतां तिचा एक पाया हालल्याची हकीकत त्यांनीं त्यांत स्वतःच मांडली होती. त्यांनीं दुरुस्तीही सुचविली, परंतु ती पुरी पडत नाहीं असें पुढील तर्कशास्त्रज्ञांस आढळून आलें. ह्या प्रसंगाची आठवण रसेल ह्यांनीं १९६२ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, लिहून ठेविली आहे. सत्यनिष्ठेचें ह्यास तोड असें दुसरें उदाहरण आपणांस ठाऊक नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता.

पुढील काळ खिन्नतेचा गेला. १८८७ सालीं ज्यांच्याशीं विवाह झाला होता त्या पत्नी मार्गारेटे १९०४ सालीं निवर्तल्या. पोटीं मूल नव्हतें. आल्फ्रेड नांवाच्या एका मुलाचा त्यांनीं सांभाळ केला व पुढें त्यास दत्तक घेतलें. वर्गांत श्रोते अगदीं थोडे. १९१३ सालच्या एका व्याख्यानमालेस तर तीनच जण होते : एक सेवानिवृत्त लष्करी अधिकारी, रुडॉल्फ कार्नाप नांवाचा एक विद्यार्थी आणि त्याचा एक मित्र. संकोची फ्रेगे फळ्याकडे तोंड करून बोलत व चिन्हें काढीत. पण त्या तिघांतला कार्नाप पुढें विसाव्या शतकांतील एक अग्रगण्य तत्त्वज्ञ झाला. १९११ सालीं लुडविग विट्गेन्स्टाइन हा तरुणही त्यांस भेटावयास आला होता; केंब्रिजला रसेलकडे जाण्याचा सल्ला त्यांनीं त्यास दिला. अर्थाच्या शास्त्रांत त्याचें नांव आज फ्रेगे ह्यांच्या जोडीनें घेतलें जातें. वर्गांतील बांकें मोजून शिक्षकाची योग्यता ठरवूं नये, हेंच खरें.

१९१८ सालीं फ्रेगे सेवानिवृत्त झाले आणि विस्मारजवळच्या बाड क्लाइनेन ह्या गांवीं जाऊन राहिले. त्याच सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं विचाराचें स्वरूप सांगितलें. विचार हा दगडाप्रमाणें हातीं लागणारा नव्हे, आणि दुःखाप्रमाणें एकट्याचाही नव्हे; पायथागोरसचा सिद्धांत कोणीं ओळखण्यापूर्वींही खरा होता आणि कोणीं न मानला तरी खराच राहील. आपण विचार निर्माण करीत नाहीं, तर तो ग्रहण करितों. मानणें ही माणसाची क्रिया आहे. खरें असणें हें तिच्यावर अवलंबून नाहीं.

येथें एक कटु गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती गाळली तर चरित्र खोटें होईल. मृत्यूच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९२४ सालीं, फ्रेगे ह्यांनीं लिहिलेली एक रोजनिशी १९९४ सालीं छापली गेली. पहिल्या महायुद्धांतील पराभवानें कडवट झालेल्या त्या वृद्धानें तींत ज्यू लोकांविषयीं द्वेष, तसाच कॅथलिक व समाजवादी पक्षांविषयीं तिरस्कार आणि लोकशाहीविषयीं अविश्वास लिहून ठेविला आहे. गणितांत पुराव्यावांचून एक पाऊलही न टाकणारा हा मनुष्य शेजाऱ्यांच्या बाबतींत ऐकीव समजुतींवर विसंबला. एका नियमाविरुद्ध एक उदाहरण पुढें येतांच ज्यानें आयुष्याचें काम बाजूस ठेविलें, त्यानें माणसांविषयींच्या आपल्या मतांस तीच कसोटी लाविली नाहीं. बुद्धीचा प्रामाणिकपणा एका खोलींत नांदत असतां दुसरी खोली अंधारांत राहूं शकते, हें ह्यावरून दिसतें.

ता. २६ जुलै १९२५ रोजीं फ्रेगे ह्यांचें देहावसान झालें. बाहेरच्या जगास त्याची फारशी दखलही नव्हती. अप्रकाशित हस्तलिखितें त्यांनीं आल्फ्रेडच्या स्वाधीन केलीं होतीं, आणि त्यांत सर्वच सोनें नसलें तरी कांहीं सोनें आहे, म्हणून तीं टाकून देऊं नयेत, अशी इच्छा लिहून ठेविली होती. आल्फ्रेडनें तीं म्युन्स्टर येथील प्राध्यापक हाइनरिख शोल्झ ह्यांच्याकडे दिलीं. १९४४ सालीं आल्फ्रेड युद्धांत मारला गेला, आणि १९४५ च्या मार्च महिन्यांत बाँबहल्ल्यांत तीं हस्तलिखितें नष्ट झालीं. सुदैवानें महत्त्वाच्या कागदांच्या नकला आधींच करून ठेविल्या होत्या. त्यांवरून १९६९ सालीं ग्रंथ निघाला.

संगणकास आज जें प्रश्न विचारण्यांत येतात, त्यांतील सर्व आणि कांहीं ह्यांचा हिशेब फ्रेगे ह्यांनीं घालून दिलेल्या वाटेनेंच चालतो. त्यांची उभी-आडवी लिपि मागें पडली, पण तिच्यांतला विचार टिकला. विद्यार्थिमित्रांनीं ह्या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्या, असें आम्हांस वाटतें. पहिली ही कीं, कोणाशीं मतभेद झाला तर तो कोणत्या वस्तूविषयीं बोलत आहे एवढेंच न पाहतां, ती वस्तु त्यास कोणत्या वाटेनें भेटली आहे, तेंही विचारावें. दुसरी ही कीं, आपण मानतों म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाहीं. १९०२ च्या जून महिन्यांत फ्रेगे ह्यांनीं ही गोष्ट स्वतःच्या ग्रंथाविषयीं मान्य केली आणि ते मोठे ठरले. १९२४ सालीं स्वतःच्या द्वेषाविषयीं ते ती विसरले आणि तेवढ्यापुरते लहान ठरले. त्यांच्याच शास्त्राची कसोटी त्यांस लावून पाहण्यांत त्यांचा अनादर नाहीं; त्यांचा खरा आदर करण्याचा मार्ग तोच आहे.